करमाळ्याहून परदेशात आरोग्यसेवेला : खिशातून किती, घरातून किती?

परदेशातल्या एखाद्या गरजू भागात काही महिने आरोग्यसेवा द्यायची, तर खर्च किती येतो? करमाळ्यातल्या स्टाफ नर्सने किंवा नव्या डॉक्टरने हा प्रश्न विचारला की दोन तऱ्हेची उत्तरे मिळतात. कुणी म्हणते, ‘सगळे फुकट असते, फक्त जायची तयारी हवी.’ कुणी म्हणते, ‘दीड-दोन लाख भरा, बाकीचे आम्ही बघतो.’ दोन्ही उत्तरांवर विसंबून घर सोडू नये. संस्था नीट निवडली, तर पासपोर्ट, कागदपत्रे, लसी आणि हेलपाटे मिळून खिशातून साधारण २३ ते ३७ हजार रुपये जातात. खरा मोठा खर्च याच्या कितीतरी पट असतो आणि तो घरी होतो: थांबलेला पगार, बंद दवाखाना, चालू हप्ते. दोन्ही हिशेब खाली दिले आहेत.

पैसे कोण देते, ते आधी पाहा

परदेशी सेवेच्या तीन वाटा आहेत.

पहिल्या वाटेवर संस्था तुमचा खर्च करते. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ म्हणजे एमएसएफ ही १९७१ साली फ्रान्समध्ये स्थापन झालेली संस्था या प्रकारातली. विमानभाडे, राहणे, विमा आणि दरमहा मानधन ती देते आणि अर्जासाठी एक रुपयाही घेत नाही. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम, म्हणजे यूएनव्ही, हाही निर्वाह भत्ता, प्रवास आणि विमा देतो.

दुसऱ्या वाटेवर खर्च वाटून घेतला जातो. आठ-पंधरा दिवसांच्या शस्त्रक्रिया किंवा नेत्रशिबिरांत तिकीट बहुधा तुमचे आणि राहणे-जेवण यजमान संस्थेचे. ज्येष्ठ शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, थिएटर नर्स यांना ही वाट सोयीची पडते, कारण व्यवसाय फार दिवस बंद ठेवावा लागत नाही.

तिसऱ्या वाटेवर स्वयंसेवकच पैसे भरतो. दर आठवड्याला शेकडो डॉलर घेऊन ‘आफ्रिकेत वैद्यकीय अनुभव’ विकणाऱ्या कंपन्या आहेत. नोंदणी नसलेल्या विद्यार्थ्यालाही टाके घालायला, प्रसूतीत हात लावायला मिळेल, असे कुणी सांगितले तर तिथून उठावे. जे काम करमाळ्याच्या उपजिल्हा रुग्णालयात तुम्हाला कुणी करू देणार नाही, ते दुसऱ्या देशातल्या गरिबाच्या अंगावरही शिकायचे नसते.

खर्च सेवकाने करायचा नसतो, हा पायंडा आपल्याच जिल्ह्याने पाहिला आहे. १९३८ साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनकडे भारताने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस त्यातले एक. तेव्हाचे काँग्रेस अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या आवाहनावरून लोकांनी निधी उभा केला आणि पथक रवाना झाले. डॉक्टरांकडून कुणी ‘नोंदणी शुल्क’ मागितले नाही. कोटणीसांनी दिली ती वर्षे. ते तिथेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच, वयाच्या ३२व्या वर्षी गेले. पैसा समाजाचा, वेळ आणि कौशल्य सेवकाचे, ही वाटणी आजच्या चांगल्या संस्थाही पाळतात.

तुमची पदवी तिथे चालेल का?

खर्च करण्याआधी याची शहानिशा करा, नाहीतर कागदांवर घातलेले पैसे वाया जातात.

एमबीबीएस आणि त्यावरच्या पदव्या असलेले डॉक्टर, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्या परिचारिका, लॅब टेक्निशियन, फार्मासिस्ट यांना संधी असते. नोंदणी चालू हवी आणि शिक्षणानंतर साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव हवा. यूएनव्हीच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ स्वयंसेवकाचे वय किमान २७ असावे लागते.

तालुक्यात बीएएमएस आणि बीएचएमएस डॉक्टरांचे दवाखाने भरपूर आहेत. त्यांनी लक्षात घ्यावे, की बहुतेक देशांत या पदव्यांवर आधुनिक वैद्यकाचा डॉक्टर म्हणून काम करता येत नाही. त्यांच्यासाठी आरोग्यशिक्षण, साथरोग माहिती संकलन, औषधसाठा आणि प्रकल्प व्यवस्थापन ही दारे उघडी असतात. अर्ज त्याच पदासाठी करावा.

भाषेच्या नावाखालीही खूप पैसा जातो. नोकरीसाठी इंग्लंड-आयर्लंडला जाणाऱ्या नर्सना आयईएलटीएस किंवा ओईटी लागते; त्या परीक्षा आणि क्लास यांची फी मोठी असते. सेवाभावी संस्था बहुधा मुलाखतीतच इंग्रजी जोखतात. संस्थेने लेखी मागितल्याशिवाय ती परीक्षा देऊ नका. फ्रेंच येत असेल तर मात्र पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या प्रकल्पांत तुमचे वजन वाढते.

खिशातला खर्च : पहिल्या वाटेचा अंदाज

- पासपोर्ट, ३६ पानी, साधा अर्ज : १,५०० रुपये
- पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट : ५०० रुपये
- पीतज्वराची लस, सरकारी केंद्रात : सुमारे ३०० रुपये
- इतर लसी आणि रक्ततपासण्या : ८,००० ते १५,०००
- कौन्सिलची प्रमाणपत्रे, साक्षांकन, कुरिअर : ५,००० ते ८,०००
- सोलापूर, पुणे, मुंबईचे हेलपाटे : ४,००० ते ६,०००
- बूट, बॅटरी, औषधे, किरकोळ सामान : ४,००० ते ६,०००

बेरीज २३,३०० ते ३७,३०० रुपये. पासपोर्ट आधीच असेल, हिपॅटायटिस बीचे डोस नर्सिंगला असतानाच झाले असतील, तर आकडा बराच खाली येतो. लसी आणि व्हिसाचा खर्च पुष्कळदा संस्था परत देते. पण निवड झाल्यावर आणि पावती दाखवल्यावर. म्हणून पावती प्रत्येक गोष्टीची घ्या.

कागद : कुठे जायचे, किती द्यायचे

पासपोर्टसाठी पुण्याला जायची गरज नाही. सोलापुरात टपाल खात्याचे पासपोर्ट सेवा केंद्र आहे. अर्ज आणि पैसे ऑनलाइन भरायचे, मिळालेल्या दिवशी मूळ कागद घेऊन जायचे. घाई असेल तर तत्काळसाठी २,००० रुपये जादा. पोलीस पडताळणीला वेगळे शुल्क नाही. कुणी ‘चहापाणी’ मागितले तर तो खर्च वरच्या यादीत मुद्दाम धरलेला नाही.

हेलपाट्यांत बचत होते. एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून राज्यात अर्धे तिकीट आहे. पुण्या-मुंबईला जेऊर किंवा कुर्डुवाडीहून रेल्वेने जाणे स्वस्त पडते. मुंबईची कामे, म्हणजे कौन्सिल, लस आणि साक्षांकन, एकाच खेपेत बसवा.

डॉक्टरांनी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडून आणि परिचारिकांनी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून ‘गुड स्टँडिंग’ प्रमाणपत्र घ्यायचे असते. तुमच्यावर शिस्तभंगाची कारवाई नाही, असे ते सांगते. ते काही महिनेच ग्राह्य धरले जाते, म्हणून फार आधी काढू नका. नोंदणीचे नूतनीकरण राहिले असेल तर ते आधी उरका.

पदवी-पदविकेच्या साक्षांकनात एजंट प्रत्येक कागदामागे हजारो रुपये लावतात. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘अपोस्टिल’ या साक्षांकनाचे मूळ शुल्क कागदामागे ५० रुपये आहे. त्यावर नेमलेल्या सेवा केंद्राचा आकार लागतो. त्याआधी राज्याकडून कागद तपासून घ्यावा लागतो. अपोस्टिल हेग करारातल्या देशांत चालते. इतर देशांसाठी त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का लागतो आणि त्याचे दर वेगळे. म्हणून देश ठरल्यावर, संस्थेची यादी हातात आल्यावरच हे काम करा.

सरकारी नोकरीत असाल तर पासपोर्टपूर्वी कार्यालयाला लेखी कळवावे लागते आणि परदेशी जायला मंजुरी लागते. दीर्घ सेवेसाठी बहुधा महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मधली असाधारण रजा, म्हणजे बिनपगारी रजा, हाच मार्ग उरतो. तिचा वेतनवाढ आणि निवृत्तिवेतनावर काय परिणाम होईल, ते आस्थापना शाखेकडून लेखी घ्या. बंधपत्रित सेवा बाकी असलेल्या डॉक्टरांनी ती पूर्ण करूनच अर्ज करावा.

लसी : सहा महिने आधी सुरुवात

हिपॅटायटिस बीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात. उशिरा जागे झालात तर पैसे देऊनही वेळ विकत मिळत नाही. त्याखेरीज देशानुसार विषमज्वर, हिपॅटायटिस ए, धनुर्वात, गोवर आणि मेनिंगोकॉकल लस लागते. यांत मेनिंगोकॉकल महाग, चार-पाच हजारांच्या आसपास.

पीतज्वराची लस फक्त सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. मुंबईत बंदर आणि विमानतळ आरोग्य संघटनेकडे ती मिळते. नेहमीच्या दवाखान्यातल्या कागदाला किंमत नाही. प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. ते नसताना पीतज्वराच्या देशातून परतलात, तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गर्भारपण किंवा साठीपुढचे वय असेल तर केंद्रातल्या डॉक्टरांना आधी सांगा.

घरातून जाणारा पैसा

संस्थेच्या माहितीपत्रकात हा भाग नसतो, म्हणून तो आपणच मांडायचा.

समजा, एका खासगी रुग्णालयातल्या परिचारिकेच्या पगारातून घराला दरमहा १८,००० रुपये लागतात. एमएसएफसारख्या संस्थेची पहिली नेमणूक बहुधा नऊ ते बारा महिन्यांची असते. नऊ महिने धरले तर १,६२,००० रुपये. परतल्यावर नवी नोकरी लागेपर्यंत तीन महिने धरा, म्हणजे आणखी ५४,०००. एकूण २,१६,०००. मानधनातून घरी किती पाठवता येईल ते यातून वजा करा. उरेल तो तुमच्या सेवेचा खरा खर्च.

दवाखाना असलेल्या डॉक्टरचे गणित वेगळे. गाळ्याचे भाडे ८,००० आणि दोन मदतनीसांचे १८,००० धरले, तर दरमहा २६,००० आणि नऊ महिन्यांचे २,३४,००० रुपये कुलूप लावलेल्या दवाखान्यावर जातात. यंत्राचा किंवा घराचा हप्ता त्यावर. तुटलेले रुग्ण परत यायला किती वेळ लागेल, ते कुठल्याच तक्त्यात बसत नाही. सोबतीचा डॉक्टर मिळत असेल तर दवाखाना चालू ठेवून जाणे शहाणपणाचे.

साधा नियम असा : नेमणुकीचे महिने अधिक तीन, इतक्या महिन्यांचा घरखर्च वेगळा ठेवल्याशिवाय होकार देऊ नये. आई-वडिलांच्या दवापाण्याची सोय आणि बँकेचे व्यवहार कोण बघणार, हेही आधी ठरवा.

विमा आणि जबाबदारी

साधा प्रवासी विमा सहलीसाठी असतो. युद्धग्रस्त भाग, साथ किंवा कामावर झालेली इजा त्यातून बहुधा वगळलेली असते. संस्थेला पाच गोष्टी लेखी विचारा : गंभीर आजारात विमानाने हलवण्याचा खर्च कोण करेल? मृत्यू किंवा अपंगत्वात घरच्यांना काय मिळेल? रुग्णाने दावा लावला तर बचाव कोण करेल? सुई टोचल्यास एचआयव्ही प्रतिबंधक औषधे प्रकल्पावर ठेवलेली आहेत का? ती ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. आणि मधूनच परत यावे लागले तर तिकीट कोणाचे?

तुमची इथली व्यावसायिक विमा पॉलिसी परदेशातल्या उपचारांना लागू होईल असे गृहीत धरू नका. ‘भौगोलिक मर्यादा’ हे कलम वाचा.

व्हिसाही कामाचाच हवा. पर्यटक व्हिसावर ‘कोण विचारतंय’ म्हणून रुग्ण तपासणे हा बहुतेक देशांत गुन्हा आहे. नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्रही चालते. पण तिथे उपचार करायचे तर डॉक्टरला नेपाळ मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते.

फसवणूक ओळखा

सेवेच्या नावाखाली नोकरी आणि नोकरीच्या नावाखाली लूट, असे प्रकार होतात. परदेशी नोकरीसाठी माणसे नेणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असला पाहिजे. ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर ते तपासता येते. अशा एजंटला ३०,००० रुपये आणि जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही.

वैयक्तिक खात्यावर किंवा फोन क्रमांकावर पैसे मागणे, मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणे, मुलाखतीशिवाय निवडपत्र देणे आणि ‘आजच भरा’ म्हणून घाई करणे, यांतले एक जरी दिसले तरी थांबा. परदेशी नोकरीविषयी शंका असेल तर १८०० ११ ३०९०, ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० आणि सेवेत कुचराई झाली असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षे.

आधी गडचिरोली, मग गिनी

साधने तुटपुंजी असताना काम जमते का, हे कळायला विमान लागत नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचे गडचिरोलीतले ‘सर्च’, १९७३ पासून चालणारा हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प, मेळघाटातली आरोग्यकेंद्रे, अशा ठिकाणी काही महिने राहून पाहा. पासपोर्ट नको, अपोस्टिल नको, बोलायला मराठी निम्म्याहून अधिक कामी येते. मलेरिया, कुपोषण, सर्पदंश, घरातली बाळंतपणे हे तिथले रोजचे काम, आणि परदेशी संस्था मुलाखतीत नेमका हाच अनुभव विचारतात. तिथे मन रमले नाही, तर तुमचे काही हजारच गेले, लाखो वाचले.

रमले, तर पुढचा क्रम असा ठेवा : आधी संस्थेचे संकेतस्थळ आणि तुमची पात्रता, मग घरचा हिशेब आणि घरच्यांची संमती, मग पासपोर्ट आणि हिपॅटायटिस बीचा पहिला डोस, मग अर्ज. निवडपत्र आल्यावर साक्षांकन, उरलेल्या लसी आणि रजा. हातची नोकरी सोडायची ती सगळ्यात शेवटी, व्हिसा पासपोर्टवर उमटल्यानंतर.