पुण्याभोंवतालचे पायऱ्यांचे डोंगर

पर्वतीच्या माथ्यावरून नैर्ऋत्येकडे पाहिलें असतां सिंहगड दिसतो. माथा सपाट, त्याखालीं उभा कडा, कड्याखालीं गवताळ उतार व पुन्हां कडा, अशी त्याची ठेवण आहे. हिमालयासारखीं टोंकदार शिखरें आपल्याकडे फारशीं कां नाहींत, याचा उलगडा डोंगर ज्या खडकाचा बनला आहे तो पाहिल्यानें होतो.

सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं येथील जमिनीस लांबच लांब भेगा पडल्या व त्यांतून तप्त लाव्हारस वाहूं लागला. तो पातळ असल्यामुळें दूरवर पसरून थिजला. असे एकावर एक अनेक थर बसले. हाच आपला काळा पाषाण होय. आज त्यानें सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश व्यापिला आहे. हिमालयांतील थर दाबामुळें दुमडले. आपले मात्र बहुतेक आडवेच राहिले. या खडकास भूगर्भशास्त्रज्ञ ‘ट्रॅप’ म्हणतात. जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून हें नांव पडलें.

थर सर्वत्र सारखा कठीण नसतो. त्याचा मधला भाग घट्ट असतो. वरच्या भागांत वायूचे बुडबुडे अडकल्यामुळें तो सच्छिद्र व ठिसूळ होतो. दोन थरांमध्यें पुष्कळ ठिकाणीं तांबड्या मातीचा पट्टाही आढळतो. पावसाचें पाणी घट्ट खडकाच्या उभ्या भेगांतून उतरतें, तांबड्या पट्ट्यावर अडतें व बाजूस झऱ्याच्या रूपानें बाहेर पडतें. मऊ थर झिजला कीं वरील खडकाचा आधार जातो व तो भेगेच्या रेषेनें कोसळतो. म्हणून कडा मागें सरला तरी उभाच राहतो, आणि मऊ थराच्या जागीं पायरी तयार होते.

कडे चोहोंकडून असे मागें सरले म्हणजे पठाराचे तुकडे पडतात. जांभ्या दगडाचें टोपण असलेलें पांचगणीचें टेबललँड हा मोठा तुकडा. राजगडाचा बालेकिल्ला त्याहून लहान. आणि जुन्नरकडील जीवधनाशेजारचा वानरलिंगी सुळका हा केवळ अवशेष.

आपल्या पूर्वजांनीं या रचनेचा उत्तम उपयोग केला. कड्याचा तट झाला, पायरीची माची झाली, व खडकांत पाण्याचीं टांकीं खोदलीं गेलीं. १६७० सालीं तानाजी मालुसरे सिंहगडावर चढले तेही अशाच कड्यानें. कार्लें व भाजें येथील लेणीं याच पाषाणांत कोरलीं आहेत.

पायरीवर माती सांचते, म्हणून तेथें शेत व वस्ती होते. परंतु ही माती उतारावर नुसती टेकलेली असते. अतिवृष्टींत ती पाण्यानें जड होऊन घसरूं शकते. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगराचा उतार कोसळून सुमारें दीडशे माणसें मृत्यु पावलीं. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं रायगड जिल्ह्यांत इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडीवर असाच प्रसंग ओढवला. घरांसाठीं वा रस्त्यांसाठीं उताराचा पायथा तोडला असतां वरील मातीचा आधार नाहींसा होतो, हें पुण्याच्या टेकड्यांवर खोदकाम करणारांनींही ध्यानांत ठेविलें पाहिजे.

पुढील सहलींत सिंहगडाची वाट चढतांना पायऱ्या मोजा. तांबडा पट्टा व पाझर कोठें दिसतात तें वहींत टिपून ठेवा. पालकांनींही टेकडीलगत घराची जागा घेण्यापूर्वीं वरील उतार एकवार पावसाळ्यांत पाहून यावा.