पट्टी ओढू नका, ठेवा

गाडीच्या अंगावरची बारीक रेघ ही घोडागाडीच्या काळापासून चालत आलेली हौस आहे. इंग्लंडमध्ये गुडवूडला रोल्स-रॉइसच्या कारखान्यात ती आजही खारीच्या केसांच्या ब्रशने हाताने काढतात. आपल्याला रेडियमच्या दुकानात मिळणारी ३ किंवा ६ मिलिमीटर रुंदीची विनाइलची पट्टी पुरे. काम एका सकाळचं. माझी पहिली पट्टी लावून झाली तेव्हा सुतासारखी सरळ होती. दुपारचं ऊन लागलं आणि प्रत्येक दाराच्या कडेपाशी ती दोन-दोन मिलिमीटर मागे सरली. लावताना मी ती ताणली होती. तेव्हापासून पुढची यादी कामाला येते.

काय करावे

वेळ साधा. हिवाळ्यातली सकाळ उत्तम. पत्रा साधारण १५ ते ३० अंश सेल्सिअस असावा. तळहात टेकवला तर चटका नको आणि गारठाही नको. गाडी सावलीत, सपाट जागी उभी करा.

धुवा, मग पुसा. शॅम्पूने धुऊन, कोरडी करून, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समसमान घेऊन स्वच्छ फडक्याने पत्रा पुसा. पॉलिश गेलं की नाही, ते पाणीच सांगेल. चार थेंब शिंपडा. अळवाच्या पानावर असावेत तसे ते गोळा होऊन राहिले, तर पॉलिशचा थर अजून शिल्लक आहे. पाणी सपाट पसरलं की पत्रा तयार. मग तो कोरडा करा आणि पुन्हा बोट लावू नका.

आधी मास्किंग टेपने आखणी करा. दारांवरून जाणारी पत्र्याची घडी हा आपला आधार. तिच्यापासूनचं अंतर चार-पाच ठिकाणी मोजून खुणा करा आणि त्यांवर टेप लावा. मग दहा पावलं मागे जाऊन बघा. गाडीच्या टोकाशी उकिडवं बसा आणि सुतार फळी बघतो तसं एक डोळा मिटूनही बघा. पत्र्याला बाक असतो, त्यामुळे मोजमाप जुळूनही रेघ मध्येच लोंबल्यासारखी दिसते. अशा वेळी मोजपट्टी खिशात ठेवा आणि नजरेचं ऐका.

दारं बंद ठेवून सलग लावा. पुढच्या मडगार्डपासून मागपर्यंत एकच पट्टी. दारागणिक तुकडे लावले, तर प्रत्येक फटीशी पायरी दिसते. हाताशी एक माणूस घ्या. तो मागचा कागद सोडवत जाईल, तुम्ही पट्टी टेपच्या कडेला टेकवत जा. रीळ हातभर पुढे धरा आणि नजरही तिथेच ठेवा, बोटांवर नको.

आधी हलकं, मग घट्ट. पहिल्या फेरीत पट्टी नुसती टेकवायची, म्हणजे वाकडी गेलेली उचलून परत बसवता येते. सगळी रेघ मनासारखी झाली की अंगठ्यावर मऊ फडकं गुंडाळून दाबत जा. वर पारदर्शक फिल्म असेल, तर ती पट्टीवरच उलटी दुमडून सावकाश काढा. सरळ वर ओढली, तर पट्टीही सोबत येते.

फटीत कापा. दोन पत्र्यांच्या मधल्या पोकळीत कापा, दार उघडा आणि दोन्ही टोकं कडेवरून आत मुडपा. कडेवर बरोबर कापलेलं टोक पहिल्यांदा उचकटतं.

मागून जुळवा. डाव्या-उजव्या बाजू एकदम कोणाला दिसत नाहीत, पण डिकीच्या बाजूची दोन्ही टोकं दिसतात. ती एका उंचीवर हवीत.

काय टाळावे

ताणू नका. ताणलेलं विनाइल ऊन लागलं की मूळ लांबीवर येऊ पाहतं आणि टोकं मागे सरतात. पट्टीत ढील नसावा, इतकाच ताण पुरे.

पत्र्यावर ब्लेड टेकवू नका. क्लिअर कोटवरचा बारीक चरा आज दिसणार नाही. तो रंगाखाली पत्र्यापर्यंत गेला, तर दोन पावसाळ्यांत गंज दिसेल. टोकाला आकार द्यायचा असेल, तर पट्टी हातात घेऊन कात्रीने द्या.

थिनर आणि रॉकेल दूर ठेवा. थिनर रंगच मऊ करतो. रॉकेल तेलकट थर सोडतं, त्यावर पट्टी धरत नाही.

ताज्या रंगावर घाई नको. डेंटिंग-पेंटिंग करून आणली असेल, तर किमान महिनाभर थांबा. रंगातून वाफा निघत असतात, पट्टीखाली त्यांचे फोड येतात.

सरळ पट्टीला वळसा घालू नका. तीव्र वळणावर आतल्या कडेला चुण्या पडतात. वेलबुट्टी हवी असेल, तर रेडियमवाल्याकडून मशीनवर कापून घ्या.

नंबर प्लेट आणि दिवे सोडून द्या. तिथे हौसेला जागा नाही. गाडीचा मूळ रंगच बदलला, तर आरसीत नोंद लागते. बारीक रेघेने तो प्रश्न येत नाही.

लगेच धुवायला काढू नका. दोन दिवस पाणी नको. नंतरही सर्व्हिसिंगमध्ये प्रेशरचा फवारा पट्टीच्या कडेवर जवळून मारू देऊ नका.

जुनी पट्टी ओरबाडू नका. हेअर ड्रायरने कोमट करा आणि पत्र्यालगत मागे दुमडून हळूहळू सोलत जा. उरलेला गोंद अल्कोहोलने निघतो. पट्टी काही वर्षं जुनी असेल, तर तिच्याखालचा रंग आजूबाजूपेक्षा गडद दिसेल. नवी पट्टी तेवढीच किंवा जास्त रुंद घ्या, खूण झाकली जाईल.

उजवीकडून सुरुवात करू नका. ड्रायव्हरचं दार तुम्ही रोज उघडता, तिथली चूक रोज खुपेल. हात डावीकडे बसवा. माझ्या गाडीची डावी रेघ मागच्या दारापाशी केसभर लोंबलेली आहे. शेजाऱ्यांना ती अजून दिसलेली नाही. मला मात्र गाडी धुताना दिसते.