पैसे घ्यायला पिन लागत नाही

दुकानात क्यूआर कोडला मोबाईल दाखवला की पैसे जातात. ते कसे, हे मी सांगतो. या सोयीला यूपीआय म्हणतात. एनपीसीआय या संस्थेने ती २०१६ साली सुरू केली. आपली बँक एक, दुकानदाराची दुसरी. पण एकाच रस्त्याने सगळ्या गावांच्या गाड्या जातात, तसंच हे आहे. कोडमध्ये दुकानदाराचा पत्ता असतो. पिन म्हणजे आपल्या खात्याची किल्ली. ती ४ किंवा ६ आकडी असते. दुकानदाराला ती दिसत नाही.

पैसे घ्यायला पिन लागतच नाही. म्हणून "पैसे पाठवतो, पिन टाका" असं कुणी फोनवर म्हणालं, तर तो ठग समजावा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करावा. घरी आजी-आजोबांनाही हे सांगा.