पांथरीची ग्रेड आणि बीपी

दुचाकी घसरली, डोकं वाचलं, हाडं शाबूत. घरचे सगळे ‘थोडक्यात निभावलं’ म्हणाले. हँडलचं टोक डाव्या बरगड्यांखाली बसलं होतं, बाहेरून मात्र नुसता लाल वळ. संध्याकाळी डावा खांदा ठणकायला लागला. खांद्याला तर काहीच लागलं नव्हतं! पोटात साचलेलं रक्त श्वासपटलाला डिवचतं आणि कळ खांद्यात उठते. अशा वेळी बाम चोळत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा.

डावीकडे नवव्या ते अकराव्या बरगडीआड पांथरी, म्हणजे प्लीहा असते. माझ्या पांथरीला तीन सेंटिमीटरहून खोल चीर गेली होती. पहिल्या रिपोर्टात ग्रेड ३ लिहिली, दुसऱ्या डॉक्टरांनी तोच सीटी स्कॅन पाहून ग्रेड ४ सांगितली. रातोरात जखम वाढली असं वाटून आईचा धीर सुटला. जखम होती तेवढीच होती. १ ते ५ ग्रेडची ही पद्धत अमेरिकेतल्या ट्रॉमा सर्जनांच्या संघटनेने १९८९ मध्ये आणली आणि २०१८ मध्ये सुधारली. जुन्या हिशेबात मुख्यतः चिरेची खोली आणि साकळलेलं रक्त बघत. आता धमनीला फुगवटा आला असेल किंवा पांथरीच्या आवरणाआत रक्त वाहत असेल, तर ग्रेड ४ धरतात. तेच रक्त आवरणाबाहेर पोटात जात असेल तर ५, मग चीर लहान का असेना. मला फुगवटा होता. तो दिसायला सीटी कॉन्ट्रास्ट देऊनच काढावा लागतो.

तेव्हा नातेवाइकांनो, ग्रेड जरूर विचारा, पण लगोलग हेही विचारा: रक्तस्राव चालू आहे का? बीपी आणि नाडी टिकून आहे का? शेजारच्या खाटेवरच्या काकांची ग्रेड माझ्याहून कमी होती. पण त्यांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू होत्या, रक्त चढवूनही बीपी सावरेना, शेवटी पांथरी काढावी लागली. माझं बीपी स्थिर होतं, म्हणून जांघेतून नळी घालून धमनी बंद करण्यावर भागलं.

काकांना न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिबच्या लसी घ्यायला सांगितल्या. पांथरी नसलेल्याने साधा तापही अंगावर काढायचा नसतो. पांथरी वाचलेल्यांनाही काही दिवसांनी पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो. घरी आल्यावर चक्कर आली, घाम सुटला, पोट दुखलं, तर रात्र असली तरी निघा. सोबत रिपोर्टच्या कागदाबरोबर सीटीची सीडीही घ्या.