जुन्या स्पीकर-पेटीतील खर्ज

विख्यात मृदंगवादक अळगनंबी पिळ्ळै यांचे नाव कावेरीकाठच्या कुंभकोणम् नगराशी निगडित आहे. मृदंगाचे कातडे झिजले, तरी फणसाच्या लाकडाचे खोड टाकून देत नाहीत. केवळ पुडी बदलतात. खर्ज स्वरांच्या जुन्या स्पीकर-पेटीची दुरुस्तीही याच न्यायाने करावयाची असते.

मृदंगाच्या डाव्या पुडीवर भिजविलेला रवा लावला की तिचे वजन वाढते व नाद खाली उतरतो. स्पीकरच्या कागदी शंकूचेही तसेच आहे. शंकू जितका जड व त्याची कड जितकी लवचीक, तितका त्याचा स्वाभाविक कंप मंद असतो. पेटीतील हवा त्या कंपास आवर घालते. म्हणून केवळ व्यास जुळणारा नवा स्पीकर बसविल्यास खर्ज दुबळा अथवा घुमा होण्याचा संभव असतो.

प्रथम वीज बंद करून स्पीकर बाहेर काढावा. फोमची कड दमट उष्ण हवेत विरून तिचा चुरा होतो. शंकू व तारेचे वेटोळे शाबूत असल्यास नवी कड चिकटविणे पुरे. शंकू हलकेच दाबताना खरखर झाल्यास वेटोळे घासत आहे, असे समजावे. ८ ओहमच्या स्पीकरचा रोध मल्टिमीटरवर सुमारे ६ ओहम दिसतो. काटा मुळीच न हलल्यास तार तुटलेली असते.

८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडल्यास ४, तर एकसरीत जोडल्यास १६ ओहम होतात. ध्वनिवर्धकाला नेमून दिलेल्या मर्यादेहून कमी ओहमचा भार जोडल्यास तो जळण्याची भीती असते. तेव्हा नवा स्पीकर घेण्यापूर्वी जुन्याची सर्व मापे टिपून ठेवावीत.