धक्क्यावरून गळ टाकताना

कोकणातील बंदरांत, मग ते रेवस असो वा मालवण, धक्क्याच्या कडेशी गळ सोडून बसलेली माणसे हमखास दृष्टीस पडतात. या उद्योगाला तेथे 'गरवणे' म्हणतात. नवख्याची समजूत अशी असते की, यश गळ, दोरी आणि आमिष यांवर अवलंबून असावे. वस्तुतः ते प्रथम पाण्याच्या वेळेवर अवलंबून असते.

भरती दररोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. तिची वेळ ठरविण्याची किनाऱ्यावरची जुनी रीत म्हणजे तिथीची पाऊणपट करणे. चतुर्थीला ३ च्या सुमारास, तर अष्टमीला ६ च्या सुमारास पूर्ण भरती असते. कृष्णपक्षात मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून होते. हा हिशेब ढोबळ खरा. तो मुंबईच्या आसपास बराच जुळतो आणि दक्षिणेकडे भरती थोडी आधी होते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते. त्या वेळी मुंबईला पाण्याची पातळी सुमारे ४ मीटर वरखाली होते, मालवणकडे साधारण निम्मीच. अष्टमीच्या आसपासचे 'भांगाचे' पाणी त्या मानाने संथ असते. चढत्या पाण्याबरोबर मासे चरण्यासाठी किनाऱ्याकडे सरकतात, म्हणून जाणती माणसे भरतीचे शेवटचे दोन तास साधतात.

धक्क्याचे खांब ही स्वतंत्र वसाहतच होय. त्यांवर कालवे चिकटलेली असतात, फटींतून लहान खेकडे वावरतात आणि या खाद्याच्या आशेने पालू, खरबी, क्वचित तांबोशीही तेथे येते. तेव्हा गळ दूर भिरकावण्यापेक्षा खांबालगत सोडणे पुष्कळदा हिताचे ठरते. दोरी मात्र कालवांच्या धारेवर कापली जाते. पृष्ठभागाशी थव्याने फिरणारी बोय पाहून नवखा हरखतो. पण हा मासा मुख्यतः चिखलावरील शेवाळ व सेंद्रिय गाळ खातो. कोळंबीच्या तुकड्याकडे तो सहसा ढुंकूनही पाहत नाही. त्याच्यासाठी पाग, म्हणजे फेकजाळे, हवे.

गळाला काय लागेल याचा नेम नसल्याने मासा ओळखल्यावाचून हात लावू नये. शिंगाळ्याच्या पाठीवरील आणि दोन्ही बाजूंच्या पंखांवरील काटे दातेरी व विषारी असतात. पाकटाच्या शेपटीवरही तसाच काटा असतो. काटा लागल्यास जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावी, त्याने वेदना कमी होतात. नंतर वैद्यकीय उपचार घ्यावेत. फुग्यासारखा टरारणारा केंड याहून घातक. त्याचे विष शिजवल्याने नष्ट होत नाही आणि त्यावर उतारा उपलब्ध नाही. तो मांजरालाही घालू नये; पुन्हा पाण्यात सोडावा.

धक्का मुळात होड्यांसाठी असतो, याचाही विसर पडतो. गळ मागे झुगारताना पाठीमागून कोणी जात नाही ना हे पाहावे. लाँच लागत असताना दोऱ्या आवरून घ्याव्यात. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. ती धक्क्यावरच्या गळासाठी नसली, तरी त्या दिवसांत लाट धक्क्यावरून उसळते आणि शेवाळलेल्या दगडावर पाय ठरत नाही. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र हळूहळू निवळू लागला, म्हणजे जुनी मंडळी पुन्हा गरी घेऊन कडेला येऊन बसतात.