उद्योजकतेचे खरे भांडवल

विकसनशील देशांत उद्योजकता कशातून जन्म घेते, असे विचारले असता सामान्यतः दोन उत्तरे मिळतात : पोटाची गरज आणि पैशाचे पाठबळ. दोन्ही खरी आहेत. परंतु ती पुरेशी नाहीत, असे आम्हांस वाटते. नोकरी नाही म्हणून हातगाडी लावणारा मनुष्यही उद्योजकच होय. मात्र त्याचा व्यवसाय बहुधा कुटुंबाच्या निर्वाहापुरताच राहतो. तो वाढून इतर दहा हातांना काम मिळण्यासाठी आणखी काय लागते? बांगलादेशातील तयार कपड्यांचा उद्योग या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

१९७१ साली स्वतंत्र झालेल्या या देशात मनुष्यबळ विपुल होते. निर्यातीसाठी कपडे शिवणारे कारखाने मात्र जवळजवळ नव्हते. नूरुल कादेर या माजी सनदी अधिकाऱ्याने चितगाव येथे 'देश गारमेंट्स' ही कंपनी काढून दक्षिण कोरियाच्या 'देवू' कंपनीशी सहकार्याचा करार केला. १९७९ मध्ये सुमारे १३० कर्मचारी प्रशिक्षणासाठी कोरियातील बुसान येथे गेले. कापड बेतणे, शिलाईच्या कामाची वाटणी करणे, मालाचा दर्जा राखणे या गोष्टी ते कारखान्यात प्रत्यक्ष शिकले. पुढील काही वर्षांत त्यांतील शंभराहून अधिक जण 'देश'मधून बाहेर पडले. कोणी स्वतःचे कारखाने काढले, कोणी इतरांचे उभे करून दिले. अशा रीतीने विद्येचा प्रसार झाला.

शासनाचे धोरणही अनुकूल होते. निर्यातीच्या मालासाठी आणलेल्या कापडावर आयातशुल्काची सवलत मिळाली. परदेशी ग्राहकाच्या मागणीच्या आधारे बँका कच्च्या मालासाठी पतपत्र देऊ लागल्या. त्यामुळे अल्प भांडवलाचा मनुष्यही या क्षेत्रात उतरू शकला. आज त्या देशाच्या निर्यात-उत्पन्नाचा चार-पंचमांशांहून अधिक भाग तयार कपड्यांचा आहे.

या यशाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथे 'राणा प्लाझा' ही इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. भिंतींना तडे गेल्याचे आदल्या दिवशीच दिसले होते. तरीही कामगारांना आत बोलावण्यात आले. नफा वाढला, पण माणसाच्या जिवाची किंमत उरली नाही, तर त्या उद्योगास प्रगती कसे म्हणावे?

विद्यार्थिमित्रांनो, वडिलोपार्जित भांडवल आपणांपैकी अनेकांकडे नाही. परंतु हाती आलेले कौशल्य कोणी हिरावून घेऊ शकत नाही, आणि दुसऱ्यास दिल्याने ते घटतही नाही. ते संपादन करावे, इतरांस द्यावे आणि उद्या आपल्या हाताखाली काम करणाऱ्याचा जीव आपल्या नफ्याहून मोलाचा मानावा, एवढेच आमचे सांगणे आहे.